बर्फापूर्वीची बेगमी : हिमप्रदेशातील बदली आणि आपली मोटार

बदलीचा आदेश हाती पडला की सामानाची बांधाबांध, मुलांच्या शाळेचे दाखले, नव्या गावी घराचा शोध अशी कामांची यादी आपोआप तयार होते. राष्ट्रीय बँकेत नोकरी करणाऱ्या कुटुंबांना ही यादी तोंडपाठ असते. पुण्याहून नागपूरला किंवा नाशिकहून भोपाळला जायचे असेल, तर त्या यादीत मोटारीपुढे एवढेच लिहिलेले असते : टायरमध्ये हवा आणि टाकीत इंधन. बदली सिमला, मनाली, श्रीनगर किंवा लेह येथे झाली असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. सह्याद्रीच्या घाटांत वर्षानुवर्षे निर्धोक चाललेली गाडी आणि ती चालवणारा कुशल हात, या दोहोंनाही तेथे नव्याने शिकावे लागते.

कोकणात मृग लागण्याआधी आगोटीची बेगमी होते. घर शाकारले जाते, लाकूडफाटा कोरडा करून आत घेतला जातो, सुकी मासळी आणि कडधान्ये डब्यांत भरली जातात. पाऊस कोसळू लागल्यावर यातले काहीच करता येत नाही, हे तेथील प्रत्येक घर जाणते. हिमालयातही अशीच बेगमी असते. फक्त ती पावसाऐवजी बर्फासाठी आणि ज्येष्ठाऐवजी आश्विनात होते. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून 'चिल्ला-ए-कलां' हा चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ सुरू होतो, त्यामागोमाग वीस दिवसांचा आणि मग दहा दिवसांचा सौम्य होत जाणारा हिवाळा येतो. त्याच्या कितीतरी आधी घराघरांत भाज्या वाळवून ठेवलेल्या असतात. नव्याने तेथे गेलेल्या कुटुंबाने आपली मोटारही या बेगमीत धरली पाहिजे. थंडी सहसा नवा दोष निर्माण करत नाही. सपाटीवर लपून राहिलेला जुना दोष ती उघडा पाडते, आणि तोही मदत लवकर पोचणार नाही अशा जागी.

गाव कोणते, थंडी किती

तयारीचे प्रमाण गावानुसार ठरते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, सिमला सुमारे २२०० मीटरवर, तर लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. सिमल्यात बर्फ पडतो, वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. तेथील खरा धोका निसरड्या उतारांचा. श्रीनगरला थंडी दीर्घकाळ टिकते आणि पहाटे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर जमतो. लेहमध्ये हिमवृष्टी तुलनेने कमी असली, तरी हिवाळ्यातील रात्रीचे तापमान सहज उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तेथे इंजिन, बॅटरी आणि इंधन यांची परीक्षा अधिक.

लेहला रुजू होणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मनालीकडून लेहला जाणारा महामार्ग ४८०० मीटरहून उंच असलेल्या बारालाचा ला खिंडीतून जातो आणि हिवाळ्यात कित्येक महिने बंद राहतो. श्रीनगरकडून येणारा रस्ता झोजी ला खिंडीतून जातो, तोही मोठ्या हिमवृष्टीनंतर बंद होतो. म्हणून गाडी न्यायची असेल तर ती ऑक्टोबरच्या आत पोचवावी, अन्यथा पुढील वसंतापर्यंत तिच्याविना राहण्याची तयारी ठेवावी. नोव्हेंबरच्या अखेरीस 'एकदा प्रयत्न करून पाहू' असा विचार करणे धोक्याचे आहे.

पाणी : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग चूक

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. इंजिनाभोवती फिरणाऱ्या नळ्यांत आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल, तर एका रात्रीत ते धातूला तडा देऊ शकते. हे टाळण्यासाठी पाण्यात ग्लायकॉल मिसळलेला द्रव वापरतात, ज्याला सर्वत्र कूलंट म्हटले जाते. इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी समप्रमाणात असतील, तर ते मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

महाराष्ट्रातील गाड्यांची अडचण वेगळीच असते. घाट चढताना इंजिन तापले की टाकीत पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी करायची, ही सवय जुनी आहे. अशा प्रत्येक बाटलीने मिश्रण पातळ होत जाते. मैदानात ते कळत नाही, कारण तेथे गोठण्याचा प्रश्नच नसतो. गॅरेजमध्ये एका छोट्या उपकरणाने या द्रवाचा गोठणबिंदू काही मिनिटांत मोजता येतो. निघण्यापूर्वी ती चाचणी करून घ्यावी आणि शंका असल्यास सर्व द्रव बदलून घ्यावा. येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'जितके जास्त कूलंट तितके चांगले' हे खरे नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांनाच गोठते. पाण्याशी योग्य प्रमाणात मिसळले तरच ते खरे संरक्षण देते. बाजारात तयार मिश्रणही मिळते आणि पाणी घालून वापरायचा अर्कही मिळतो. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच ओतावे.

काच धुण्याच्या टाकीतील पाण्याचेही तसेच आहे. साध्या पाण्याने ती टाकी आणि तिची मोटर दोन्ही फुटू शकतात. तेथे न गोठणारा द्रव भरावा. रेडिएटरचे कूलंट या टाकीत कदापि भरू नये. ते काचेवर तेलकट पडदा निर्माण करते, रंग खराब करते आणि विषारीही आहे.

बॅटरी, तेल आणि डिझेल

थंडीत बॅटरीवर दुहेरी भार येतो. आतील रासायनिक क्रिया मंदावल्याने तिची शक्ती घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवण्यास अधिक शक्ती लागते. तीन-चार वर्षांची बॅटरी मुंबईत आणखी एक वर्ष निभावून नेईल. केलाँगमध्ये ती एखाद्या पहाटे मान टाकेल. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतील आम्लद्राव उणे ५० अंशांच्याही खाली गोठतो, पण उतरलेल्या बॅटरीतील द्राव उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकतो. गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून तारा जोडून चालू करण्याचा प्रयत्न करू नये; तिचा स्फोट होऊ शकतो. निघण्याआधी बॅटरीची भारचाचणी करून घ्यावी, टोकांवरील पांढरा क्षार साफ करावा आणि आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर चार्जिंगची सोय पाहावी. नुसते पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही, उलट थोडी अधिकच उतरते.

इंजिन तेलाच्या डब्यावरील अंकांकडे सहसा कोणी पाहत नाही. 'फाइव्ह डब्ल्यू थर्टी' यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा अंक जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. प्रमाणित चाचणीत २० डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे १५ अंशांना होते, १५ डब्ल्यूची उणे २० अंशांना, तर ५ डब्ल्यूची उणे ३० अंशांना. जुन्या गाड्यांत अजूनही जाड तेल वापरले जाते. लेह किंवा केलाँगला जाणाऱ्याने गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या पर्यायांपैकी सर्वांत लहान हिवाळी अंक असलेले तेल निवडावे. पुस्तिकेबाहेरचा पर्याय स्वतःच्या मनाने निवडू नये.

डिझेल गाडीच्या मालकाने इंधनाचाही विचार करावा. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक होतात, इंधन आधी गढूळ होते, मग गाळणीत अडकते आणि शेवटी वाहतच नाही. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण डिझेल हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत वाहते राहिले तरी ते निकषांत बसते. लडाखच्या रात्रीसाठी हे पुरेसे नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे विशेष हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले. मैदानातून भरून नेलेली टाकी वर पोचेपर्यंत बरीचशी रिकामी व्हावी आणि उंचावरील पंपावर हिवाळी इंधन मिळते का याची चौकशी करून तेथे टाकी भरावी, हा व्यवहार्य मार्ग. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय आजही सुचवला जातो; परंतु त्याने इंधनाचा वंगणगुण घटतो आणि आधुनिक इंजिनांतील उच्च दाबाचे पंप व फवारे खराब होऊ शकतात. पेट्रोलला मेणाचा त्रास नाही. इंधन कोणतेही असो, बर्फाच्या दिवसांत टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा पल्लाही थंडीत लक्षणीय घटतो, कारण बॅटरीची कार्यक्षमता कमी होते आणि आतील उबेसाठीही तीच वीज खर्च होते. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतील हवा गरम करून घेणे आणि नेहमीच्या पल्ल्यावर विसंबून लांबचा बेत न आखणे, एवढी दक्षता त्यांच्या मालकांनी घ्यावी.

टायर आणि साखळ्या

रस्त्याशी गाडीचा संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या जागेतून. सर्वसाधारण टायरचे रबर उष्ण हवेसाठी बनवलेले असते. तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली गेले की ते कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, ज्या बर्फात रुततात. अशा टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. भारतात ते सहज मिळत नाहीत, पण वर्षाचे चार-पाच महिने बर्फात जाणार असतील तर शोध घेणे योग्य. ते शक्य नसेल तर निदान झिजलेले टायर घेऊन वर जाऊ नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलण्याची खूण दिसते. बर्फासाठी मात्र ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोली अपुरी समजावी.

हवेच्या दाबाविषयी एक गंमत आहे. थंडीमुळे टायरमधील दाब कमी होतो; साधारणपणे दर साडेपाच अंशांच्या घसरणीला एक पीएसआय. उलट उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापकावरचा आकडा वाढतो. या दोन परिणामांची बेरीज-वजाबाकी प्रवासात करत बसू नये. मुक्कामी पोचल्यावर, सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी दाब मोजावा आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणावा. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा बरीच कमी करण्याचा सल्ला वाळूसाठी ठीक असला, तरी डोंगरी रस्त्यावर तो गाडीचे वळण बिघडवतो.

दाबलेल्या बर्फावर आणि गोठलेल्या चढावर खरा आधार साखळ्यांचा. त्या इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते त्या चाकांना लावायच्या असतात. बहुतेक लहान मोटारींत ती पुढची चाके असतात. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या गाड्यांत मागची. साखळी टायरच्या मापाचीच घ्यावी. सैल साखळी चाकाच्या कमानीत अडकून ब्रेकची नळी तोडू शकते. पहिल्या खेपेला ती घराच्या अंगणात, दिवसाउजेडी, हातमोजे घालून लावून पाहावी. काळोखात, वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी ती प्रथमच उलगडणाऱ्याची त्रेधा उडते. गाडी रुतल्यावर साखळी लावणे कठीण असते, म्हणून चढ सुरू होण्यापूर्वी सपाट जागी थांबून ती लावावी. साखळीवर वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये आणि कोरडा रस्ता लागताच ती काढावी.

थांबण्याचे गणित

नव्या चालकाला बर्फात गाडी सुरू होत नाही याची भीती वाटते. मात्र बहुतेक अपघात गाडी थांबत नाही म्हणून होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर त्याच वेगाला सुमारे ३० मीटर लागतात, आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ६० मीटरहून अधिक. वेग निम्मा केला की हे अंतर एक चतुर्थांश होते. म्हणजे ताशी २० किलोमीटरला ६० ऐवजी १६ मीटर. बर्फात हळू चालवावे, या उपदेशामागे हे गणित आहे.

हे झाले सपाट रस्त्याचे. दर दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर, गुळगुळीत बर्फाचा थर असेल, तर उतार गाडीला जितका खाली ओढतो जवळजवळ तितकाच टायरचा प्रतिकार असतो. अशा ठिकाणी गाडी कोणत्याही अंतरात थांबेल असे सांगता येत नाही. चारही चाकांना शक्ती देणारी महागडी गाडी याला अपवाद नाही. तिची चार चाके चढताना उपयोगी पडतात; थांबताना प्रत्येक गाडीला चारच टायर असतात. सिमल्यासारख्या गावांतील आतल्या रस्त्यांवर असे उतार विरळ नाहीत, आणि सकाळी ते सावलीत असतात.

सर्वांत फसवा असतो तो पातळ, पारदर्शक बर्फाचा थर. खालचे डांबर दिसत असल्याने रस्ता केवळ ओला वाटतो. सावलीतील वळणे, पूल, झऱ्याचे पाणी ओघळणाऱ्या जागा आणि बोगद्यांची तोंडे ही त्याची नेहमीची ठिकाणे. तेथे पोचण्याआधीच वेग कमी करावा. वळणात ब्रेक, गिअर किंवा जोराचा एक्सलेटर यांपैकी काहीही करू नये. उतारावर लहान गिअरमध्ये इंजिनाच्या अडथळ्याने वेग ताब्यात ठेवावा. गाडी घसरू लागली तर एक्सलेटरवरून पाय अलगद उचलावा आणि जिकडे जायचे आहे तिकडे नजर व स्टिअरिंग वळवावे. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक दाबून धरावा, पायाखाली जाणवणाऱ्या धडधडीने घाबरून पाय काढू नये. एबीएस नसेल तर थोडा दाब, थोडी सूट असे करावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम बर्फात विशेष पाळावा, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघेलच असे नसते.

रात्रीचा मुक्काम

उभ्या गाडीलाही शिस्त हवी. ओल्या हवेत ओढलेला हँडब्रेक रात्रीत गोठून अडकू शकतो. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकामागे लाकडी ठोकळा किंवा दगड लावावा. ऑटोमॅटिक गाडी 'पी' मध्ये ठेवावी. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. दाराच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचा हलका हात फिरवला तर त्या चौकटीला चिकटत नाहीत. सकाळी गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतण्याचा मोह टाळावा. तापमानाच्या एकाएकी बदलाने काच तडकते. प्लॅस्टिकची खरवडणी आणि दहा मिनिटांचा धीर पुरेसा असतो. समोर फक्त वाटीएवढी जागा साफ करून निघू नये. सर्व काचा, दिवे आणि विशेषतः टप मोकळा करावा, अन्यथा पहिल्याच ब्रेकला टपावरचा बर्फ समोरच्या काचेवर कोसळतो. आतील वाफ घालवण्यासाठी हीटरबरोबर बाहेरची हवा घेण्याचा पर्याय सुरू ठेवावा. आतलीच हवा फिरत राहिली तर काचा अधिक धूसर होतात.

अडकल्यावर

७ आणि ८ जानेवारी २०२२ या दिवसांत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी जोरदार हिमवृष्टी झाली. बर्फ पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगा रस्त्यातच रुतल्या. लोकांनी गाडीत बसूनच रात्र काढली. किमान २२ जण दगावले, त्यांत लहान मुलेही होती. थंडीबरोबरच गाडीतील विषारी वायू हेही या मृत्यूंचे कारण सांगितले गेले. त्या जागा कोणत्याही दुर्गम शिखरावर नव्हत्या. गाव आणि घरे जवळच होती.

हे घडते कसे, ते प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे. उबेसाठी इंजिन चालू ठेवलेले असते. बाहेर बर्फ साचत जातो आणि धुराची नळी बुजते. धूर गाडीच्या खाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि ती झोप थंडीची व थकव्याची आहे असे वाटते. त्यातून जाग येत नाही. म्हणून अडकल्यावर प्रथम खाली उतरून धुराची नळी मोकळी करावी आणि बर्फ पडत राहिला तर पुन्हा पुन्हा करावी. इंजिन तासाला दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नये. शेगडी किंवा पेटती कांगडी बंद गाडीत कधीही घेऊ नये. तिच्यातूनही तोच वायू निघतो.

गाडी सोडून पायी निघण्यापेक्षा, निवारा डोळ्यांसमोर नसेल तर, गाडीतच थांबणे सुरक्षित. बचावपथकाला गाडी लवकर सापडते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा आणि जवळचा किलोमीटरचा दगड कोणता ते सांगावे. गाडीत पुढील वस्तू थंडीभर असाव्यात : लहान फावडे, वाळूची किंवा मातीची पिशवी, ओढदोर, बॅटरी जोडण्याच्या तारा, टॉर्च, भरलेली पॉवर बँक, माणशी एक घोंगडी किंवा ब्लँकेट, कोरडे मोजे, प्रथमोपचार पेटी आणि घरातील रुग्णाची नित्याची औषधे. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सुका मेवा उत्तम. पाण्याची बाटली पाऊण भरून आत ठेवावी. डिकीत ती गोठते. सामान डिकीत असले तरी घोंगड्या मात्र हाताशी हव्यात.

न निघण्याचा निर्णय

वरील सर्व तयारी केल्यावर एक धोका उलट वाढतो : आता आपल्याला काही होणार नाही, ही भावना. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने रोहतांगच्या पलीकडील लाहौल हिवाळ्यातही जोडले. परंतु बोगद्याच्या दोन्ही तोंडांकडे जाणारे रस्ते उघड्या आकाशाखालीच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात अचानक बर्फ पडल्याने शेकडो वाहने अडकली आणि पर्यटकांना रात्री उशिरापर्यंत सोडवावे लागले. बर्फ पडल्यावर पोलीस तेथे चारही चाकांना शक्ती असलेली किंवा साखळी लावलेली वाहनेच पुढे सोडतात, आणि स्थिती बिघडली तर कोणालाच सोडत नाहीत. तो अडथळा समजून वाद घालू नये.

भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देतो. हिमस्खलनाचा अंदाज संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची डीजीआरई ही संस्था देते. घरातून निघण्याआधी हे दोन्ही पाहणे रोजच्या सवयीचे व्हावे. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळावा, लाल इशाऱ्याच्या दिवशी गाडीची किल्ली खिळ्यावरच राहू द्यावी. शाखा वेळेवर उघडावी ही कोणत्याही शाखाधिकाऱ्याची धडपड असते. परंतु दूर राहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हिवाळ्याआधीच पर्यायी व्यवस्था ठरवणे, किल्ल्यांचे दोन्ही धारक एकाच खिंडीपलीकडे राहणार नाहीत हे पाहणे, हे चांगल्या व्यवस्थापनाचे काम आहे. ग्राहकांनीही हप्ता किंवा मुदतीचे काम बर्फाच्या दिवसावर न ठेवता आधीच उरकावे, अथवा घरबसल्या मोबाइलवरून करावे.

कागदपत्रांची बेगमी

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ मध्ये ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असेल तर त्या अर्जावर कर्ज देणाऱ्या बँकेची संमती लागते; ती निघण्यापूर्वीच आपल्या शाखेतून घ्यावी. नव्या राज्यात कर भरल्यानंतर मूळ राज्यातील कराच्या उर्वरित भागासाठी परताव्याचा अर्ज करता येतो. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ पासून 'बीएच' ही नोंदणीमालिका सुरू झाली. शासकीय व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी तिला पात्र आहेत आणि तिच्यामुळे दर बदलीला नवी नोंदणी करावी लागत नाही.

विमा कंपनीला नवा पत्ता कळवावा. मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात वादळ, गारपीट, हिमदंव आणि दरड कोसळणे या आपत्तींपासून संरक्षण असते. मात्र झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. देखभालीतील हयगयीमुळे उद्भवलेला खर्च नाकारला जाऊ शकतो. म्हणून कूलंट, तेल व बॅटरी बदलल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. रस्त्यावरील मदतीची जोड घेतली असेल, तर ती नव्या गावाच्या परिसरात लागू आहे का, हेही विचारून घ्यावे.

महिन्यांचे वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये कागदपत्रे आणि बॅटरीची चाचणी. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीपूर्वी, कूलंट, तेल, टायर आणि ब्रेक. नोव्हेंबरमध्ये साखळी लावण्याचा सराव आणि गाडीतील आपत्कालीन पेटी. पहिला बर्फ पडला की एखाद्या मोकळ्या, सपाट पटांगणात, जवळ कोणी नसताना, कमी वेगात ब्रेक दाबून पाहावा. गाडी किती पुढे सरकते हे एकदा स्वतः अनुभवलेला चालक पुढे अंतर राखायला विसरत नाही. मार्चमध्ये गाडीचा तळ दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण रस्त्यावर टाकलेली माती आणि मीठ तेथे साचून गंज धरतो.

कोकणातले कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर जात नाहीत. त्यांच्या होड्या भक्कम असतात आणि हातही कसलेले असतात. तरीही ते थांबतात. हिमप्रदेशात नव्याने घर मांडणाऱ्या कुटुंबाने गाडीची सारी तयारी करावी आणि तिच्या जोडीला हे थांबणेही आपल्या बेगमीत बांधून न्यावे.